मुकुट, सिंह आणि बिल्ल्याची मागची बाजू

नौदलाच्या गणवेशावरचा कापडी बिल्ला तीन गोष्टी सांगतो: तो घालणारा कोणत्या हुद्द्याचा, कोणत्या कामाचा आणि कोणत्या काळातला. पहिल्या दोन सांगण्यासाठीच बिल्ला केलेला असतो. तिसरी त्यावर नकळत उमटते, आणि जुने बिल्ले जमवू लागलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथेच होते. नांगर दिसला की नौदल, दोन नांगर दिसले की मोठा हुद्दा, एवढे कोणालाही कळते. पण तोच नांगर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, की १९४६ च्या मुंबईतला, की गेल्या वर्षी वाराणसीत भरलेला, हे ओळखायला मुकुटाचा आकार, धाग्याचा रंग आणि कापडाची मागची बाजू पाहावी लागते.

भोपाळच्या हबीबगंज भागात राहणाऱ्याला हे पटवून द्यायला दूर जावे लागत नाही. तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. तेव्हा स्थानकाचे नाव म्हणून ‘हबीबगंज’ छापलेले तिकीट त्याआधीचे, हे तारीख पुसली गेली असली तरी सांगता येते. वस्तीला मात्र लोक अजून हबीबगंजच म्हणतात. बिल्ल्यांचेही असेच असते. सरकारी चिन्ह एका दिवसात बदलते आणि तिथे काळाची सीमारेषा मिळते. आकार, रंग आणि बोलीतली नावे मात्र पुढे कित्येक वर्षे तशीच चालू राहतात.

भारतात सापडणाऱ्या जुन्या नौदल बिल्ल्यांचे मूळ ब्रिटिश आरमारात आहे. तिथे अधिकाऱ्यांचा गणवेश १७४८ मध्ये ठरला, पण साध्या खलाशांना नियमबद्ध गणवेश मिळायला १८५७ उजाडले. बिल्ला त्यापेक्षा जुना. १८२७ मध्ये पेटी ऑफिसरांना, म्हणजे खलाशांवरच्या नाईक-हवालदारांसारख्या मुकादमांना, डाव्या दंडावर नांगराचे चिन्ह दिले गेले. कामाचे बिल्ले १८६० पासून सुरू झाले आणि त्यात पहिला मान तोफखान्याचा होता. पुढे एक साधा संकेत रूढ झाला: डाव्या दंडावर हुद्दा, उजव्या दंडावर काम. हुद्द्यात एक नांगर म्हणजे लीडिंग हँड, एकमेकांवर तिरपे टाकलेले दोन नांगर आणि वर मुकुट म्हणजे पेटी ऑफिसर. नांगराला दोर गुंडाळलेला असतो. खऱ्या जहाजावर दोर असा नांगरात अडकला तर खलाशी कपाळावर हात मारून घेतील, पण चिन्ह म्हणून तोच आकार जगभरच्या नौदलांनी उचलला.

उजव्या दंडावरची चिन्हे हा संग्रहाचा सर्वांत रंजक भाग. तोफांची जोडी तोफखान्याची, तीन पात्यांचा पंखा इंजिनखोलीतल्या माणसांचा, वर्तुळातला लाल क्रॉस दवाखान्यातल्या परिचारकाचा. तिरपी निशाणे म्हणजे सिग्नलमन, झेंड्यांनी आणि दिव्यांनी निरोप देणारा. पंखांमधली वीज म्हणजे तारायंत्रावर काम करणारा टेलिग्राफिस्ट. चिन्हाच्या वर किंवा खाली तारा असला की त्या कामातली पायरी वरची. ताऱ्यासोबत अक्षर असेल तर तो माणूस कारकुनी, कोठार किंवा स्वयंपाक यांसारख्या खात्यातला समजावा.

डाव्या दंडावरच्या नांगराखाली पुष्कळदा टोक खाली असलेल्या एक ते तीन पट्ट्या असतात. नवा संग्राहक सर्वांत जास्त फसतो तो इथे. भूदलात अशा तीन पट्ट्या म्हणजे हवालदार. नौदलात त्या हुद्द्याच्या नाहीतच; त्या सद्वर्तनाच्या आहेत. ठरावीक वर्षे शिक्षा न होता काढली की एक पट्टी, आणि तीनच्या पुढे मिळत नाही. त्यामुळे तीन पट्ट्या आणि नांगर एकही नाही, असा बाहीचा तुकडा मिळाला तर तो मोठ्या हुद्द्याच्या माणसाचा नसून वर्षानुवर्षे साधा खलाशी राहिलेल्या कुणाचा असतो. ब्रिटिश खलाशी स्वतःच या पट्ट्यांना न सापडलेल्या गुन्ह्यांचे बक्षीस म्हणत.

रंग पाहिल्यावर आणखी एक पायरी चढता येते. एकच चिन्ह तीन रंगांत भरले जाई. गडद निळ्या कापडावर सोनेरी जरीचा बिल्ला समारंभाच्या पोशाखासाठी, त्याच कापडावर लाल लोकरीचा रोजच्या निळ्या पोशाखासाठी, आणि पांढऱ्या सुती कापडावर निळा बिल्ला उष्ण प्रदेशातल्या पांढऱ्या गणवेशासाठी. मुंबईसारख्या बंदरात वर्षाचा बराच काळ पांढरा गणवेश चाले, तेव्हा पांढऱ्यावर निळा बिल्ला पाहून तो कमी दर्जाचा समजण्याचे कारण नाही. चौथी एक जात वेगळी ठेवावी लागते: गडद निळ्यावर फिकट निळा. हा रंग ब्रिटनच्या स्त्री-नौसेवेचा. तिच्या अधिकाऱ्यांच्या बाहीवरच्या पट्ट्याही सोनेरी नसून निळ्या, आणि वरच्या पट्टीला गोल वळण नसून चौकट. भारतातही १९४४ मध्ये अशी स्त्री-नौसेवा उभी राहिली. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन आणि चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर यांचा जून १९४५ मधला रोसाइथ येथील फोटो या विषयावरच्या लिखाणात वारंवार भेटतो.

अधिकाऱ्यांच्या बाहीवरच्या किंवा खांद्यावरच्या पट्ट्यांचे व्याकरण आणखी वेगळे. एक पट्टी सब-लेफ्टनंटची, दोन लेफ्टनंटच्या, दोनच्या मध्ये एक बारीक आली की लेफ्टनंट कमांडर, तीन कमांडर, चार कॅप्टन आणि एकच रुंद पट्टी कमोडोरची. सर्वांत वरच्या पट्टीला गोल वळण असते. त्याला नेल्सनचे वळण म्हणतात आणि नेल्सनच्या एका हाताशी त्याचा संबंध जोडतात. नेल्सन १८०५ मध्ये ट्रॅफल्गरला पडला. वळण आले १८५६ मध्ये. खलाशाच्या गळपट्ट्यावरच्या तीन पांढऱ्या रेघा म्हणजे नेल्सनचे तीन विजय, हीही अशीच गोड कथा. विक्रेता या कथा सांगू लागला की ऐकून घ्याव्यात. किंमत त्यावर ठरवू नये.

या पट्ट्यांचा आकार अधिकारी कोणत्या गटातला ते सांगतो. सरळ पट्टी कायम नोकरीतल्या अधिकाऱ्याची. वेणीसारखी गुंफलेली पट्टी राखीव दलाची, म्हणजे व्यापारी जहाजांवरून बोलावलेल्या मुरलेल्या दर्यावर्दी लोकांची. लाटेसारखी नागमोडी पट्टी स्वयंसेवक राखीव दलाची, म्हणजे युद्धासाठी वकिली, कारखाना किंवा कॉलेज सोडून आलेल्यांची. ब्रिटनप्रमाणे भारतातही हे तीन गट होते. पट्ट्यांमधल्या कापडाचा रंग खाते सांगतो: जांभळा अभियंत्यांचा, लाल डॉक्टरांचा, पांढरा हिशेब आणि पुरवठ्याचा. हे रंग १८६३ पासून आले आणि ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यावर बहुतेक खात्यांतून गेले. जुनी बाही उजेडात धरून पट्ट्यांच्या फटीत पाहावे. जांभळे कापड रंग उडून करडे पडलेले असते, पण शिवणीच्या आत मूळ रंग टिकून राहतो.

आता काळाकडे. भारतीय नौदलाची वंशावळ नावांच्या उलथापालथीने भरलेली आहे, आणि प्रत्येक नाव संग्राहकाच्या कामाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे आरमार १६१२ चे. १६८६ पासून ते बॉम्बे मरीन, १८३० ते १८६३ इंडियन नेव्ही, मग पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ पासून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, २ ऑक्टोबर १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. यातल्या बहुतेक काळात केंद्र मुंबईच राहिले. खलाशी मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातले, विशेषतः कोकणी मुसलमान. दालदी, खारवी, भंडारी अशा किनाऱ्यावरच्या समाजांची समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होतीच. भारतीय अधिकारी मात्र फार उशिरा आले: डी. एन. मुखर्जी हे १९२८ मध्ये अभियंता सब-लेफ्टनंट झाले तेव्हा ते पहिले होते.

वस्तू किती मिळतात यावर या इतिहासाचा थेट परिणाम झाला आहे. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीकडे अवघ्या ८ युद्धनौका होत्या. युद्ध संपताना ११७ नौका आणि सुमारे ३०,००० माणसे होती. म्हणून मुकुट असलेला भारतीय बिल्ला हाती आला तर तो बहुधा या पाच-सहा वर्षांतला असतो, घाईने आणि स्वस्तात केलेला. युद्धाआधीचा जाड, भरघोस भरतकामाचा भारतीय बिल्ला त्यामानाने दुर्मीळ. टोपीवरच्या फितीवरही युद्धाची खूण आहे. ब्रिटिश आरमाराने गुप्ततेसाठी जहाजाचे नाव काढून नुसती एच.एम.एस. ही अक्षरे ठेवली होती. भारतीय जहाजांच्या नावाआधी एच.एम.आय.एस. असे, आणि प्रजासत्ताक झाल्यावर आय.एन.एस. आले. त्या एका ‘एम’वरून फितीचा काळ ठरतो.

सर्वांत भरवशाचे घड्याळ मात्र मुकुट. त्याचे तीन आकार डोळ्यांत बसवले की निम्मे काम होते. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर चपट्या आणि खांद्याशी काहीशा बाहेर झुकलेल्या. १९०१ नंतर राजाचा मुकुट आला, त्याला ट्यूडर म्हणतात. त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल चढत जातात. १९५२ मध्ये एलिझाबेथ गादीवर आल्यावर सेंट एडवर्डचा मुकुट घेतला गेला, त्यात कमानी मध्यावर खाली दबतात. बोटाने रेष काढून पाहिली तर राजाच्या मुकुटाला एकच उंचवटा आणि राणीच्या मुकुटाला मध्ये दरी असलेले दोन. २०२२ नंतर चार्ल्सने पुन्हा ट्यूडर आकार निवडला, त्यामुळे अगदी नवा ब्रिटिश बिल्ला वरवर पाहता आजोबांच्या काळातला वाटू शकतो. तिथे धागा आणि कापडच कोडे सोडवतात.

भारतासाठी यातून एक पक्का नियम निघतो. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथचा मुकुट त्यानंतरचा. म्हणून मध्ये दबलेल्या मुकुटाचा बिल्ला ‘रॉयल इंडियन नेव्हीचा’ म्हणून कोणी दाखवला तर तो तसा असूच शकत नाही. तो ब्रिटनचा किंवा राष्ट्रकुलातल्या दुसऱ्या देशाचा असेल. उपखंडातच शोधायचे तर पाकिस्तानचा विचार करावा लागतो. फाळणीत आरमारही वाटले गेले. सतलज, जमुना, किस्ना आणि कावेरी या स्लूप जातीच्या नौका भारताकडे राहिल्या, नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या. पाकिस्तान २३ मार्च १९५६ पर्यंत राणीला मानत होता आणि त्याचे आरमार तोवर ‘रॉयल’च होते.

याच नियमाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला मुकुट गेला नाही. पुढची जवळजवळ अडीच वर्षे भारतीय नौदल कागदोपत्री ‘रॉयल’ होते. म्हणजे राजाच्या मुकुटाचा बिल्ला गुलाम भारतातलाच असेल असे नाही; तिरंग्याला सलामी देणाऱ्या पेटी ऑफिसरच्या दंडावरही तो असू शकतो. विक्रेते ‘स्वातंत्र्यपूर्व’ अशी चिठ्ठी सर्रास लावतात. ‘प्रजासत्ताकपूर्व’ हा शब्द बरोबर.

मुकुटाचा विरोधाभास सर्वांत ठळक दिसतो तो फेब्रुवारी १९४६ मध्ये. मुंबईच्या कुलाब्यातल्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात १८ तारखेला खलाशांनी संप पुकारला आणि तो पाहता पाहता इतर जहाजांवर आणि तळांवर पसरला. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट होते. एवढ्या नोंदीवरून त्यांच्या बाह्या उभ्या करता येतात. नियमाप्रमाणे खानांच्या डाव्या दंडावर एक नांगर आणि उजव्यावर तिरपी निशाणे. मदन सिंगांच्या डाव्या दंडावर दोन नांगर आणि वर राजाचा मुकुट, उजव्यावर पंखांमधली वीज. राजाविरुद्ध उठलेला माणूस दंडावर राजाचा मुकुट वागवत होता. हे दोन्ही प्रकारचे बिल्ले बाजारात मिळतात आणि ‘नाविक बंडातला’ असे सांगून दसपट किंमत मागितली जाते. बिल्ल्यावर त्या आठवड्याची कोणतीही खूण नसते. माणसाचे नाव, क्रमांक आणि कागद सोबत नसेल तर तो साधा टेलिग्राफिस्टचा बिल्ला, आणि किंमतही तेवढीच.

प्रजासत्ताकानंतरही साचा ब्रिटिशच राहिला. नौदलाचे प्रमुखपद भारतीय अधिकाऱ्याकडे, व्हाइस ॲडमिरल आर. डी. कटारी यांच्याकडे, २२ एप्रिल १९५८ ला आले. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या सूचनेवरून ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद घेतले गेले; ते असलेले बोधचिन्ह मुकुटाच्या काळातले असू शकत नाही. नवी खाती आली तशी नवी चिन्हे आली: १९५३ मध्ये कोचीला ‘गरुड’ हा हवाई तळ सुरू झाला, डिसेंबर १९६७ मध्ये ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी दाखल झाली आणि तिच्यामागून डॉल्फिनचा बिल्ला. अलीकडचा मोठा बदल महाराष्ट्राशी थेट जोडलेला आहे. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गावर साजऱ्या झालेल्या नौदल दिनी खांदापट्ट्याही बदलणार असे जाहीर झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण असलेला नवा नमुना समोर आला. त्याआधीच्या खांदापट्ट्या त्या दिवसापासून जुन्या झाल्या.

नौदलासारखे दिसणारे पण नौदलाचे नसलेले बिल्ले ही वेगळी डोकेदुखी. व्यापारी जहाजांचे अधिकारीही चार सोनेरी पट्ट्या लावतात आणि अभियंत्यांच्या पट्ट्यांत जांभळे कापड घालतात. मुंबईतून १९१९ मध्ये ‘लॉयल्टी’ हे जहाज लंडनला पाठवणाऱ्या सिंदिया कंपनीपासून व्यापारी जहाजांची मोठी परंपरा आहे, आणि तिचे बिल्ले घराघरांत आहेत. तिथे गोल वळणाऐवजी बहुतेकदा चौकट किंवा कंपनीचे निशाण असते. तटरक्षक दल १९७८ मधले, तेव्हा त्याचे काही फार जुने असणार नाही. कुलाब्याच्या ‘जवाहर’ या प्रशिक्षण केंद्रात शिकणाऱ्या सी कॅडेट मुलांचे बिल्लेही नांगराचेच.

समुद्रापासून इतक्या दूर भोपाळात नौदलाचे म्हणून जे हाती येण्याची शक्यता जास्त, ते एनसीसीच्या नौदल शाखेचे असते. एनसीसी १९४८ मध्ये सुरू झाली आणि तिची नौदल शाखा १९५२ मध्ये. भोपाळात तिचे युनिट आहे आणि बड्या तलावात छात्रांचा होडीचा सराव चालतो. पांढरा गणवेश, नांगर, काळी फीत, सगळे नौदलासारखे. फक्त कुठेतरी एनसीसीची अक्षरे असतात आणि ती दुमडून फ्रेम केली की दिसत नाहीत. अशा बिल्ल्याला कमी लेखायचे कारण नाही. १९५० आणि ६० च्या दशकातले एनसीसीचे कापडी बिल्ले कोणी जपले नाहीत, त्यामुळे ते आज सहज मिळत नाहीत. फक्त ते काय आहेत ते म्हणूनच घ्यावेत.

राहिला अस्सल-नकलीचा प्रश्न, आणि इथे भोपाळचा माणूस मुंबईकराच्या एक पाऊल पुढे असतो. अधिकाऱ्यांचे आणि समारंभाचे सोनेरी बिल्ले म्हणजे जरदोजी. नवाब बेगमांच्या काळापासून भोपाळात हे काम होते. जुन्या शहरातल्या चौक बाजारात मिळणारे बटवे हा त्याचाच नमुना. तारेचे बारीक स्प्रिंगसारखे वेटोळे म्हणजे दबका, चमक न दिलेला तो कोरा, कंगोरे पाडलेली ती नक्षी. कारागीर कारचोबवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून वेटोळ्याचा तुकडा कापतो, मण्यासारखा सुईत ओवतो आणि खाली कापूस किंवा दोऱ्याची गादी घालून त्यावर आडवा बसवतो. मुकुटाची कमान पाहताना हे तुकडे मोजता येतात. बटव्यावरचे काम दहा मिनिटे जवळून पाहिलेल्या माणसाला हातचे जरीकाम आणि यंत्राने भरलेला पिवळा धागा यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

अडचण अशी की नक्कलही हेच हात करतात. वाराणसीच्या आणि पाकिस्तानातल्या सियालकोटच्या कारागिरांनी देशोदेशींच्या सैन्यांसाठी जरीचे बिल्ले भरले आहेत. संग्राहकांसाठीच्या प्रतिकृतीही तिथूनच निघतात. काम दोन्हींचे खरे, वय फक्त वेगळे. म्हणून पुढची बाजू पाहून झाली की बिल्ला उलटा करावा. जुन्या बिल्ल्याच्या मागे कागद, जाळीचे कापड किंवा खळीचे मांजरपाट असते, पिवळे पडलेले. दोऱ्याची टोके तुटलेली, आणि कडेला गणवेशाला टाचलेल्या शिवणीची भोके. गणवेशावरून उसवलेला बिल्ला असेल तर ती भोके कडेने सलग फिरतात आणि मागचे कापड पुढच्यापेक्षा गडद राहिलेले असते, कारण त्याला ऊन लागलेले नसते. तार काळवंडलेली असेल तर ती उंचवट्यावर कमी आणि खाचेत जास्त. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला बिल्ला सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो. कसरीने खाल्लेली लोकर ही उलट चांगली खूण. कसर पॉलिस्टरला तोंड लावत नाही.

यंत्राच्या बाबतीत काही गोष्टी निर्णायक आहेत. मागे चकचकीत प्लॅस्टिकचा थर किंवा इस्त्रीने चिकटणारा गोंद, कडेला जाड गोल विणीचा काठ, किंवा वेल्क्रो असेल तर राजाच्या काळाचा दावा तिथेच संपला. अंधारात अतिनील दिवा धरून पाहण्याची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत आणि साबणांत चमक आणणारी द्रव्ये आली, ती या प्रकाशात निळसर पांढरी उजळतात. १९४० चा म्हणून घेतलेल्या बिल्ल्याचा पांढरा धागा असा पेटला तर संशय घ्यावा, पण निकाल देऊ नये. घरातल्या कुणी तो नंतर धुण्याच्या पावडरीत धुतलेला असू शकतो. धागा काडीने जाळून पाहण्याचा सल्लाही काही जण देतात. अस्सल वस्तूचे नुकसान करून ती अस्सल होती असे कळण्यात काही अर्थ नाही.

जपण्यासाठी फार खटाटोप नको. धुऊ नये, पॉलिश लावू नये, फ्रेममध्ये गोंदाने चिकटवू नये. आम्लरहित कागदात, उन्हापासून दूर, सपाट ठेवावा. लोकरीच्या बिल्ल्यांना पावसाळ्यानंतर एकदा वारा द्यावा. कायद्याची दोन कलमे माहीत असावीत. सैनिक, नाविक किंवा वैमानिक असल्याचे भासवण्यासाठी त्यांचा पोशाख किंवा खूण घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पूर्वी तो दंडसंहितेच्या १४० व्या कलमात होता. संग्रहात ठेवणे हा गुन्हा नाही. आणि शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, तेव्हा रॉयल इंडियन मरीनच्या काळातला बिल्ला परदेशी खरीददाराला पाठवण्याआधी चौकशी करावी.

मुंबईच्या चोर बाजारात बिल्ले ढिगाने येतात, पण ते येईपर्यंत गणवेशापासून, पेटीपासून आणि माणसापासून सुटलेले असतात. निवृत्त नौसैनिकाच्या घरातून थेट मिळणारा बिल्ला एकटा नसतो. सोबत नोकरीची पुस्तिका, एखादा फोटो, टोपीची फीत असते. घरचे लोक बिल्ले देतात आणि कागद रद्दीत टाकतात. तसे होऊ देऊ नका. बिल्ला हातात घेण्याआधी नाव, नोकरीचा क्रमांक, जहाज आणि वर्षे विचारा, पेन्सिलीने कागदावर लिहा आणि तो कागद बिल्ल्याबरोबरच ठेवा.